तासाला सतरा वेळा

ज्या घरात आमचे चिरंजीव रांगले, धडपडले, कपाळावर खोक पाडून घेऊन मोठे झाले आणि पुण्याला जाऊन इंजिनिअर झाले, तेच घर त्यांनी या उन्हाळ्यात राहण्यास अयोग्य ठरवलं. घर भंडाऱ्यातलं, जुनं. पुढे अंगण, दोन पायऱ्या चढून ओसरी, मग बैठक, स्वयंपाकघर, मागे सांदवाडी आणि तिथं विहीर. इतक्या वर्षांत त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रार नव्हती. पण आमची नात चिमी नऊ महिन्यांची झाली, तिला पाय फुटले आणि घराची सगळी जुनी प्रकरणं बाहेर आली.

चिरंजीव गाडीतून उतरले ते थेट गुडघ्यांवरच. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये यादी. "बाबा, घर बाळाच्या उंचीवरून बघावं लागतं," असं म्हणून ते बैठकीतून रांगत निघाले. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी दिवाणाखाली डोकं घातलेला, कमरेपासून मागचाच तेवढा दिसणारा इंजिनिअर पाहिला आणि रिकामी वाटी घेऊन मुकाट्यानं परत गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत तीन जणांनी माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "पोराची तब्येत बरी आहे ना जी?"

खरं सांगायचं तर त्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं. दिवाणाखालून जो माल निघाला त्याचा पंचनामा असा: चिंचोके, टिकलीचं पाकीट, एक डांबरगोळी, आमच्या हिची थायरॉइडची एक गोळी (जी आपण रोज न चुकता घेतो असा तिचा दावा आहे), धानाचे दाणे, आणि कुठल्याशा खेळण्यातून निसटलेला शर्टाच्या बटणाएवढा चपटा सेल.

"आई, हे सगळं इथं होतं?"

"नाही रे बाबू, तुझ्यासाठी कालच आणून ठेवलं."

तो सेल मात्र चिरंजीवांनी कागदात गुंडाळून असा बाहेर नेला की जणू बॉम्बच. आणि त्यांचं बरोबर होतं. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. त्यात घरगुती उपाय चालत नाही, थेट दवाखानाच गाठावा लागतो. पण एकट्या सेलला तरी काय बोल लावायचा? मूल गिळू शकेल अशी जगातली प्रत्येक वस्तू एका ताटात गोळा करून ती त्याच्याच डोक्यावर ओतायची, हा आपल्याकडे सणच आहे. बोरन्हाण म्हणतात त्याला. बोरं, हरभरे, शेंगदाणे, हलव्याचे दाणे, उसाचे करवे, आणि अलीकडे गोळ्या-चॉकलेटंही. संक्रांतीला चिमी नुसती मांडीवर बसत होती म्हणून निभावलं. आता तिचं चिमटीचं कौशल्य असं आहे की फरशीवरची मुंगी ती सोनाराच्या सफाईनं उचलते.

गल्लीतल्या आशाताईंनी एका दुपारी येऊन सगळ्यांना बाहुलीवर करून दाखवलं: वर्षाच्या आतल्या लेकराच्या घशात काही अडकलं, श्वास बंद झाला, रडणंही फुटेना, तर त्याला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्यानं पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं. परत थापा. दुसऱ्यानं तोवर १०८ला फोन लावायचा. दिसत नसताना घशात बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. आमच्या हिनं हे इतक्या मनापासून शिकून घेतलं की त्या बाहुलीची मला दया आली.

एवढं शिकूनही तिनं विदर्भातला सर्वात जुना मुद्दा काढलाच: "तू बी याच घरी लहानाचा मोठा झाला ना? मग तू काऊन वाचला?" मुद्दा बिनतोड आहे. त्यात एकच बारीक खोट आहे, की जे वाचले नाहीत ते वाद घालायला येत नाहीत. हे मी मनातच म्हटलं. मोठ्यानं म्हणावं इतकी वर्षं आमच्या संसाराला अजून झालेली नाहीत.

मग चिरंजीवांनी पुण्याहून आणलेलं खोकं उघडलं. टेबलांच्या कोपऱ्यांना फोमच्या टोप्या, सॉकेटांना प्लॅस्टिकची झाकणं, कपाटांना कुलुपासारखे पट्टे. त्या पट्ट्यांमुळे पहिले दोन दिवस आम्हा कोणालाच चहाची पत्ती मिळाली नाही. चिमीसाठी घरात खेळण्यांची टोपली भरून आहे. तिनं त्यातल्या एकाही खेळण्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती टेबलापाशी गेली, कोपऱ्याची फोमची टोपी उपटली, आणि लचका तोडून चावत बसली. म्हणजे घशात अडकू शकेल अशी घरातली सर्वात नवी वस्तू ही सुरक्षेसाठी आणलेली निघाली. सूनबाई तुमसरच्या, मुळात शांत. त्यांनी चिमीच्या तोंडातून तुकडा काढला, टेबलच उचलून माडीवर ठेवलं आणि विषय संपवला.

रांगणं म्हणजे पुढे जाणं, असा मोठ्यांचा समज असतो. चिमीनं आधी रिव्हर्स टाकला. समोर हातभर अंतरावर टीव्हीचा रिमोट. ती पालथी. दोन्ही तळवे फरशीवर टेकून तिनं जोर लावला आणि वीतभर मागे सरकली. रिमोटकडे संशयानं पाहिलं. पुन्हा जोर, पुन्हा वीतभर मागे. रिमोट लांब पळतो आहे हे तिच्या लक्षात आलं तसा तिला राग आला, रागानं जोर वाढला, आणि बघता बघता ती पायांकडून दिवाणाखाली गेली. शेवटी फक्त डोकं बाहेर होतं आणि ते रिमोटच्या नावानं ठणाणा करत होतं. या वयात हातांत ताकद आधी येते, पायांत नंतर, म्हणून असं होतं. ज्याच्या मागे लागावं ते लांब जातं, हा अनुभव तिला फार लवकर आला.

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या मुलांची पाहणी करून २००६ साली एक कोष्टक प्रसिद्ध केलं. त्यात आपल्या दिल्लीचीही मुलं होती. त्या कोष्टकाप्रमाणे हात-गुडघ्यांवर रांगणं पाच महिन्यांपासून साडेतेरा महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकतं, आणि आधाराशिवाय चालणं आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. शंभरातली चार मुलं तर रांगतच नाहीत. हे कोष्टक आमच्या गल्लीत पोचलेलं नाही. इथं प्रत्येक आजीचा नातू 'आठव्यातच' चालला आहे.

आणि पडणं? त्याचाही हिशेब कोणीतरी ठेवला आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन ॲडॉल्फ या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ष ते दीड वर्षाच्या आसपासची मुलं मोकळी खेळत असताना त्यांची पावलं मोजली. निष्कर्ष २०१२मध्ये छापून आला: तासाला सरासरी २,३६८ पावलं, आणि तासाला १७ वेळा पडणं. मी हा आकडा जेवताना वाचून दाखवला. चिरंजीवांचा घास हातातच राहिला. आमची ही मात्र वेगळ्याच हिशेबात शिरली, कारण आमच्याकडे लेकरू पडलं की दृष्ट काढायची रीत आहे. तासाला सतरा वेळा मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळायच्या म्हणजे महिन्याच्या किराण्यात मिरचीचं पोतंच आलं. शिवाय त्या मिरच्या ज्या निखाऱ्यावर टाकायच्या तो निखारा चिमीच्या हाताला येईल अशाच उंचीवर असतो. शेवटी दिवसातून एकदा, संध्याकाळी, सगळ्या पडण्यांची मिळून ठोक दृष्ट काढायची, यावर तडजोड झाली.

पडल्यावर मूल लगेच रडत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. ते आधी आजूबाजूच्या तोंडांकडे बघतं. तोंडं घाबरलेली दिसली की भोकाड, नाहीतर काम पुढे चालू. आमच्या घरी या बाबतीत दोन पक्ष आहेत. 'पडू द्या' पक्षात सूनबाई आणि मी. 'पकडा, पकडा' पक्षात चिरंजीव आणि त्यांची आई. दोन्ही पक्ष एकाच वेळी बैठकीत असले की चिमी खाली बसते, आमच्याकडे बघून हसते, तिकडे बघून रडते. नंतर फरशीला शिक्षा होते. "हात रे फरशी! आमच्या चिमीला पाडते? घे!" असे चार फटके. कपाटालाही मार बसला आहे, उंबरठ्याला तर रोज बसतो. आपण पडलो की दोष दुसऱ्याचा आणि त्याला सर्वांसमक्ष झोडपायचं, हे धडे इतक्या कोवळ्या वयात मिळाल्यावर पुढे पोरं राजकारणात का जातात याचं नवल वाटू नये.

पण सतरा पडण्यांतलं प्रत्येक पडणं सारखं नसतं. स्वतःच्या दोन फुटांवरून बुडावर बसणं ही शाळा आहे. पलंगावरून पडणं ही शाळा नाही. म्हणून पलंग रिकामा झाला आणि गाद्या खाली आल्या. विहिरीवर लोखंडी जाळी बसली, जी खरं तर फार पूर्वीच बसायला हवी होती. राहिल्या ओसरीच्या दोन पायऱ्या.

इथं मला पुन्हा विद्वत्ता दाखवायची लहर आली. अमेरिकेत एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० साली छापलेला एक प्रयोग आहे. जाड काचेचं मोठं टेबल, अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खाली जमिनीवर, म्हणजे बघणाऱ्याला तिथं खोल खड्डा दिसावा. ३६ रांगती मुलं मधल्या फळीवर ठेवली आणि आयांनी दोन्ही बाजूंनी हाका मारल्या. २७ मुलं फळीवरून हलली. ती सगळी उथळ बाजूला गेली, आणि खोल बाजूच्या काचेवर उतरली फक्त तीन. तेव्हा लेकराला खोली कळते, असं मी समजावून सांगत होतो. चिमी त्या वेळी ओसरीच्या कडेला होती. तिनं खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोक्याकडून निघाली. सूनबाईंनी लंगोटाला धरून ओढलं. "अहो, त्या तिघांतलीच आहे ही," आमची ही म्हणाली.

पायऱ्या उतरायला आमच्या हिनंच शिकवलं मग. प्रत्येक वेळी चिमी कडेला आली की तिला गोल फिरवायची, पालथी करायची आणि म्हणायची, "पाय पहिले! पाय पहिले!" चिमी शिकली. पायांनी पायरी चाचपत, पाठमोरी, एखाद्या मुरलेल्या माणसानं विहिरीत उतरावं तशी उतरायला लागली. आम्ही निर्धास्त झालो, आणि जुलैत ती उभी राहिली. उभी राहिल्याबरोबर आधीचं सगळं विसरली. पायरीशी आली आणि सरळ पाऊल पुढे टाकलं, हवेत. ॲडॉल्फबाईंनी हेही उतरत्या फळीवर तपासून ठेवलं आहे: रांगताना मुलाला उताराचा धोका कळायला लागतो, पण तेच मूल चालायला लागलं की तोच उतार त्याला पहिल्यापासून शिकावा लागतो. "पाय पहिले"चा वर्ग पुन्हा पहिलीपासून.

मधल्या काळात तुमसरहून चिमीचे मामा आले आणि भाचीसाठी वॉकर घेऊन आले. गोल, चाकांचा, मध्ये बसायची झोळी, समोर बटणं, बटण दाबलं की गाणं. चिमी त्यात बसली मात्र आणि घरातली वाहतूक बदलली. अशा वॉकरमधलं मूल सेकंदाला तीन फुटांहून जास्त जातं. आमची ओसरी बारा फूट. म्हणजे या टोकापासून पायरीपर्यंत चार सेकंद. मला आरामखुर्चीतून उठायला, गुडघे चांगल्या मनःस्थितीत असतील तर, सहा लागतात. कॅनडानं या प्रकारच्या वॉकरची विक्री २००४ साली बंद केली. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात दोन लाख तीस हजारांहून जास्त मुलं वॉकरच्या अपघातांनी दवाखान्याच्या तातडीच्या विभागात पोचली, त्यांतली चारांत तीन जिन्यावरून पडून. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर बंदीच मागते आहे. बरं, त्यानं मूल लवकर चालतं म्हणावं तर तसंही नाही. झाला तर थोडा उशीरच होतो, कारण आत बसलेल्या मुलाला तोल सांभाळायची गरजच पडत नाही. हे मामांना सांगायचं कोणी? सूनबाईंनी सांगितलं. भावाला सांगायला बहिणीला आकडे लागत नाहीत. वॉकरची चाकं काढली, आता तो एका जागी उभा राहून गाणी म्हणतो.

त्याच्या जागी पांगुळगाडा आला. तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी चाकांचे लाकडी नंदी करणाऱ्या सुताराकडूनच करून घेतला. तीन चाकं आणि एक उभा दांडा, बस. यात लेकरू बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं, स्वतःच्या पायांवर, आणि गाडा वजनदार असल्यानं त्याला वेग येत नाही. चाकांचा खडखडाट इतका की चिमी कुठं आहे हे शेजारच्या काकूंनाही कळतं. पांगुळगाड्यानं मुलं पडतच नाहीत असं मी म्हणत नाही. पण तो माझ्या गुडघ्यांच्या वेगाला जुळणारा आहे.

आवाजाची गोष्ट निघाली म्हणून: पायातले घुंगरांचे वाळे ही हौस आहे असं मला वाटायचं. ती निव्वळ पाळत आहे. छुमछुम चालू आहे तोवर सगळं ठीक. छुमछुम थांबली की घरातली सगळी माणसं हातातलं टाकून धावतात. फक्त आठवड्यातून एकदा घुंगरू ओढून पाहावे. सैल झालेला घुंगरू पायातून निघतो तो सरळ तोंडात जातो.

आता दोन गोष्टी हसण्याच्या नाहीत, तरी भंडाऱ्याचा माणूस म्हणून सांगायला हव्यात. पहिली, कूलर. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा कूलर हा घरातला कर्ता पुरुष असतो. सगळे त्याच्या तोंडाकडे बघून बसतात. चिमीनं पहिल्याच दुपारी त्याला शोधून काढलं. रांगत गेली आणि त्याच्या ओल्या, गार पत्र्याला गाल लावून डोळे मिटून बसली. खाली फरशीवर पाण्याचा ओघळ, अंगाला पाणी, अनवाणी गुडघे, आणि जुना लोखंडी पत्रा. चिरंजीव ओरडले तसे ते घरात पहिल्यांदाच सर्वांना पटतील असं ओरडले. महावितरण दर उन्हाळ्यात सांगतं की पाणी भरण्याआधी प्लग काढा, चालू कूलरला हात लावू नका, अर्थिंग तपासून घ्या. आपण ते वाचतो आणि पाइप लावतो. आमचा कूलर आता खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आहे, अर्थिंग नवं आहे, आणि घरात येते ती फक्त हवा.

दुसरी, पाणी. हा तलावांचा जिल्हा. पण रांगत्या लेकराला तलाव लागत नाही, न्हाणीतली बकेट पुरते. सकाळी नळ आले की आमच्याकडे जे जे पोकळ असेल ते भरून ठेवायची पद्धत. भंडारा पितळेचं गाव. आमच्या आईच्या वेळचा पितळी गुंड भरला की दोन माणसांना हलत नाही, तो चिमी काय पाडणार? पण प्लॅस्टिकचा टब ती धरून उभी राहते आणि आत डोकावते. या वयात डोकंच सर्वात जड. तोल गेला की डोक्याकडून आत, आणि चार बोटं पाण्यातूनही लेकराला बाहेर येता येत नाही. आवाजही होत नाही. म्हणून रिकामी भांडी पालथी, भरलेल्यांवर झाकण, न्हाणीला वरची कडी.

इतकं करूनही चिमी एकदा सांदवाडीच्या दारापर्यंत एकटी पोचली, आणि घरात त्या वेळी पाच मोठी माणसं होती. "तू बघून राहिली होती ना?" "मला वाटलं तुम्ही बघून राहिले!" माझ्या मते सर्वात मोठा धोका हाच. एकटा माणूस घरी असला की तो लक्ष ठेवतो. पाच असले की कोणीच ठेवत नाही. लग्नघरी तर विचारूच नका.

रोवणीच्या दिवसांत बाया बांधीत वाकलेल्या असतात तेव्हा धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी असते आणि झोळीजवळ कोणीतरी एक नेमलेलं असतं, बहुतेक करून पाय दुखणारी म्हातारी. तिला दुसरं काम सांगत नाहीत. २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातही तरतूद केली होती की कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. चार असतील तर ती एकमेकांवर लक्ष ठेवतात, असं गृहीत धरलं असावं. तरी लेकरू बघणं हे काम आहे आणि त्याला रोजी पडते, एवढं सरकारनं लिहून दिलं होतं. आमच्या घरात ते मान्य व्हायला चिमीला दारापर्यंत जावं लागलं.

उपाय आमच्या हिनं काढला. माझा लाल दुपट्टा. चिमी ज्याच्या ताब्यात त्याच्या खांद्यावर दुपट्टा. त्यानं मोबाइल बघायचा नाही, पेपर वाचायचा नाही, भाजी निवडायची नाही. कंटाळा आला, उठायचं असलं, तर दुसऱ्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकून मोठ्यानं म्हणायचं, "लेकरू तुझ्याकडे," आणि समोरच्यानं "हो" म्हटल्याशिवाय जायचं नाही. फोमच्या टोप्या केव्हाच चघळून संपल्या, दुपट्टा टिकून आहे. चिरंजीव त्याला काहीतरी इंग्रजी नाव देत होते, आम्ही देऊ दिलं नाही.

तेव्हा आमच्याकडे जरूर या. येताना चपला उंचावर ठेवा, पर्स खाली ठेवू नका, चहाचा कप स्टुलावर विसरू नका, आणि अंगणाचं फाटक लावून घ्या. पडलेली चिमी दिसली तर हाय-हाय करू नका, तुमचं तोंड बघून ती ठरवणार आहे. आणि ज्याच्या खांद्यावर लाल दुपट्टा असेल त्याच्याशी गप्पा मारू नका. मी असलो तरी.